चौदावी दुरुस्ती आणि पहिलं बाळंतपण

नोकरीची सगळी वर्षं मी अमेरिका शिकवली. अमेरिका पाहिलेली नव्हती, पाहायची हौसही नव्हती, पण वैजापूरच्या कॉलेजात बी.ए.च्या मुलांना त्या देशाची राज्यघटना समजावून सांगणं हे माझं काम होतं. सकाळी औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यातून निघायचं, एसटी पकडायची, मार्केट यार्डाच्या रस्त्यावर कांद्याच्या गाड्यांमागे अडकायचं आणि कॉलेजात पोचल्यावर फळ्यावर तीन गोल काढायचे. एकात अध्यक्ष, दुसऱ्यात काँग्रेस, तिसऱ्यात सर्वोच्च न्यायालय. गोलांच्या मधून बाण. हा त्याला अडवतो, तो ह्याला अडवतो, म्हणून तिथं कुणाची मनमानी चालत नाही, असं मी ठणकावून सांगायचे. निम्मी मुलं पहाटे शेतात पाण्याची दारं धरून आलेली असत, त्यांना डुलक्या लागत. चौदावी दुरुस्ती मात्र सगळे घोकत, कारण ती ‘टिपा लिहा’मध्ये हमखास यायची. त्या भूमीवर जन्मला तो तिथला नागरिक. एवढं एक वाक्य लिहिणाऱ्याला मी नापास करत नसे.

निवृत्तीनंतर गप्प बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. इथल्या एका दैनिकात रविवारी जगातल्या घडामोडींवर सदर लिहू लागले. त्यातले निम्मे लेख अमेरिकेवर असत. तिथल्या अध्यक्षांचे हुकूम, वाहिन्यांवर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे निवेदक, एकाच घरात दोन पक्षांचे लोक असले तर सणाला जेवायला एकत्र बसत नाहीत म्हणे, असलं सगळं. मी फटकळ लिहायचे. आमचे हे चिकलठाण्याच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, मुळात कमी बोलणारे. लेख वाचून ते एवढंच म्हणायचे की अध्यक्षांना मराठी येत नाही हे तुझं नशीब. मीही हसायचे. तेव्हा आम्ही हसू शकत होतो.

मग मुलीचा फोन आला की तिला दिवस गेलेत.

आमची मुलगी एकुलती एक. ती आणि जावई दोघंही तिथं नोकरी करतात, कामाच्या व्हिसावर. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ही बातमी आली होती, त्यामुळे मी फोनवरच रडले. ह्यांनी लगोलग जाऊन पेढे आणले. माझ्या मोठ्या जाऊबाई वैजापूरजवळच्या आमच्या गावी असतात, त्यांना कळवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, कधी आणायची तिला. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला आणायचं आणि बाळ सव्वा महिन्याचं झालं की मगच सासरी पाठवायचं. आमच्याकडे यात विचारायचं काही नसतं. माझ्या आईनं माझं केलं, जाऊबाईंनी त्यांच्या मुलींची केली. मीही माझ्या मुलीचं करणार होते, आणि खरं सांगायचं तर तिच्या लग्नापासून मी याच एका गोष्टीची वाट पाहत होते.

मुलगी म्हणाली, आई, ते आता तितकं सोपं नाही. तिच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती. तिथं राहायला, काम करायला त्याची अडचण नव्हती. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत जाण्याआधी इथं मुलाखत देऊन नवा शिक्का घ्यायचा, आणि त्या मुलाखतींच्या तारखा महिनोन्‌महिने पुढं ढकलल्या जात होत्या. तिच्या ऑफिसातली एक मुलगी भावाच्या लग्नाला म्हणून हैदराबादला आली ती अडकून पडली. नोकरी जायची वेळ आली, नवरा तिकडे, घर तिकडे. हे सगळं मुलगी शांतपणे सांगत होती. लहानपणी परीक्षेत कमी मार्क पडले की ती अशीच शांत व्हायची, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

तेव्हा ठरलं की ती येणार नाही, मी जायचं. माहेरालाच तिकडं न्यायचं, असं हे म्हणाले.

ठरल्यानंतर दोन-तीन दिवसांत जावयाचा वेगळा फोन आला. फार सभ्य माणूस, मला अहोजाहो करतो. खूप आढेवेढे घेत म्हणाला, आई, ते तुमचं सदर काही दिवस थांबवता येईल का. व्हिसा मागणाऱ्यांनी इंटरनेटवर काय काय लिहिलंय ते तिथले लोक तपासतात म्हणे. तुमचे लेख फेसबुकवर आहेत, तुमचं नाव आहे, फोटो आहे. मी म्हटलं, अहो, मराठीत आहेत ते. तो म्हणाला, आता मशीन वाचतं, आई. भाषेचा प्रश्न राहिला नाही.

मी संपादकांना तब्येतीचं कारण सांगितलं. फेसबुकवरचे लेख एकेक करून पुसले. ते पुसताना मला स्वतःचा संताप येत होता. आयुष्यभर ज्या देशाचं भाषणस्वातंत्र्य मी शिकवलं, त्या देशाच्या भीतीनं मी उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरात बसून माझीच मराठी वाक्यं पुसत होते. त्यात दहशतवादी असं काही नव्हतं. एका लेखात मी तिथल्या अध्यक्षांची तुलना गावच्या हट्टी सरपंचाशी केली होती, तो आधी पुसला.

माझे वडील निजामाच्या राज्यात वाढले. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, त्यानंतर काही वर्षांनी माझा जन्म, म्हणजे मला कळायला लागलं तोवर राज्य बदलून जमाना झाला होता. तरी ते सरकारबद्दल काही बोलायचं असलं की आधी उठून खिडकी लोटून घ्यायचे. कॉलेजात गेल्यावर मी त्यांची टिंगल करायची, आता कुणाला घाबरता म्हणून विचारायची. ते म्हणायचे, कुणाला नाही, सवय लागली. आता मुलीशी बोलताना अमेरिकेचा विषय निघाला की माझा आवाज आपोआप खाली यायचा. मुलगी तिकडून विचारायची, आई, ऐकू येत नाहीये, नेटवर्क गेलं का.

तिच्याकडून तिथलं काय काय कळायचं त्यानंही माझी झोप उडाली होती. दोघं गाडीत कायम व्हिसाच्या कागदांच्या प्रती ठेवतात. जावई दुकानात मराठीत मोठ्यानं बोलला तर ही त्याच्या बाहीला धरून ओढते. त्यांच्या शेजारी एक म्हातारी अमेरिकन बाई राहते, ती बिचारी घरी केलेला केक आणून देते, बाळासाठी टोपी विणतेय. पण तिच्याच अंगणात निवडणुकीपासून बाहेरच्यांना हाकला अशी पाटी रोवलेली आहे, आणि तिच्यासमोरून जाताना मुलगी पावलं भराभर उचलते. ती बाई वाईट आहे का, असं मी विचारलं. मुलगी म्हणाली, नाही गं, फार चांगली आहे, तेच तर कळत नाही.

इकडे आमच्या ह्यांना यूट्यूबचा नाद लागला. दुपारी जेवण झालं की मोबाइल भिंतीला टेकवून बसायचे. लाल बाण, मोठमोठी अक्षरं, मागे ढोल वाजल्यासारखं संगीत, आणि कुणीतरी ओरडून सांगतोय की अमेरिकेतल्या भारतीयांची आता खैर नाही. एक सांगायचा सगळ्यांना हाकलणार, दुसरा सांगायचा काही होणार नाही, तिसरा या दोघांना शिव्या घालायचा. बाळाच्या नागरिकत्वाचं तर विचारूच नका. जन्मानं मिळणारा हक्क काढून घ्यायचा हुकूम निघाला होता, तो कोर्टात अडकला होता, आणि रोज नवी बातमी. हे माझ्याकडे पाहून विचारायचे, तू शिकवायचीस ना, मग सांग की आपलं नातवंड कुठलं होणार. तीन गोलांमधले बाण मला आता कुठून कुठं जातात ते कळत नव्हतं, आणि हे मी पहिल्यांदाच कुणापुढे तरी कबूल केलं.

आमच्या शेजारी आपा राहतात. त्यांचा मुलगाही तिकडेच आहे, औषधांच्या दुकानात कामाला, आणि आमच्या मुलीच्याही आधीपासून. एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना मी त्यांना माझी भीती सांगितली. फोन ऐकत असतील का, काय बोलावं, काय बोलू नये. आपांनी पापड उलटा करत शांतपणे सांगितलं, “हम तो कबसे फोन पे खाली खाने-पीने की बातां करते, मॅडम. क्या पकाया, क्या खाया. उसके आगे मैं पूछती नै, वो बोलता नै.” माझ्या भीतीला जेमतेम काही महिने झाले होते. आपा त्या भीतीत कधीपासून राहत होत्या आणि भिंतीला भिंत असून मला कधी त्याची चाहूल लागली नव्हती. मला त्यांच्याकडे बघवेना.

व्हिसाच्या मुलाखतीची तयारी आम्ही कसून केली. जावयानं फोनवर समजावलं होतं, विचारतील तेवढंच सांगायचं, एका वाक्यात, आणि हसून. हे खुर्चीत अधिकारी होऊन बसायचे आणि मी उभी राहायची. लेखांबद्दल विचारलं तर काय म्हणायचं ते मी पाठ केलं होतं. मुलीच्या पासपोर्टवर जन्मठिकाण औरंगाबाद आहे आणि आमच्या पत्त्यात छत्रपती संभाजीनगर, तर ही दोन गावं नाहीत हेही इंग्रजीत नीट बसवून ठेवलं होतं. मला वाटायचं, ते यावरच पकडतील.

जाऊबाई मुद्दाम गावाहून आल्या, डिंक, खोबरं, खारीक, अळीव घेऊन. विमानात काय नेऊ देतात, काय नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. दोन दिवस बसून त्यांनी लाडू वळले आणि मला बजावलं की पोरीला रोज सकाळी शेक, तेल आणि बाळाला पायावर घेऊनच न्हाऊ घालायचं, टबात बुडवायचं नाही. “तिथं लई थंडी असतीय, कुणी नाय तिला. तूच सगळं करायचंय,” त्या म्हणाल्या. आणि मी मनाशी तेच घोकत मुंबईला गेले.

अमेरिकन वकिलातीत खिडकीपलीकडे एक तरुण होता. नीट कातरलेली दाढी, आवाज मऊ. मी इंग्रजीतच बोलले. किती दिवस जाणार, कुणाकडे, खर्च कोण करणार. सगळं एका वाक्यात आणि हसून झालं. वाटलं, जमतंय. मग त्यानं विचारलं, एवढे महिने तुम्ही तिथं काय करणार.

मी प्राध्यापक. प्रश्न विचारला की पूर्ण उत्तर द्यायचं ही हाडात मुरलेली सवय. आणि त्यानं नेमका असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर मला मनापासून द्यायचं होतं. मी सांगितलं की मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, आमच्याकडे ते आईनं करायचं असतं. मी स्वयंपाक करणार, तिला मालिश करणार, बाळाला रोज न्हाऊ घालणार, रात्री सांभाळणार. तिची सुट्टी थोडीच आहे, पण तिनं काळजी करू नये, ती कामावर गेली की बाळ पूर्ण वेळ माझ्याकडे असेल, त्यांना कुणी बाई ठेवावी लागणार नाही. मी हे अभिमानानं सांगितलं. आळशी पाहुणी म्हणून बसून खाणार नाही, राबणार आहे, हे त्याला कळावं असं मला वाटत होतं.

त्यानं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे मुलगी नोकरीवर जाईल आणि बाळ सांभाळायचं काम तुम्ही करणार. मी म्हटलं, अर्थात.

त्यानं काहीतरी टाइप केलं, पासपोर्ट आणि एक छापील कागद खिडकीखालून सरकवला आणि म्हणाला, सॉरी मॅम. कागदावर कलम होतं, कारण नव्हतं. लेखांचं त्यानं विचारलं नाही, औरंगाबादचं विचारलं नाही. मी बाहेर आले तेव्हा हे रस्त्यापलीकडे दोघांचे मोबाइल हातात धरून उभे होते. माझा चेहरा पाहून त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली.

जावयानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आई, फिरायला येणाऱ्याच्या व्हिसावर तिथं काम करता येत नाही, त्यांनी ते तसं घेतलं असेल. मी म्हटलं, अहो, पण ते काम कुठंय, ते बाळंतपण आहे. तो म्हणाला, मला माहितीये, आई. परतीच्या गाडीत मला एकच भीती खात होती की माझ्यामुळे आता मुलीच्या नावापुढेही कुठंतरी खूण झाली असेल. ह्यांनी समजूत घातली, पण त्यांनाही खात्री नव्हती.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. लाडू डब्यात तसेच होते. जाऊबाई फोन करून विचारायच्या की कधीचं विमान, आणि मी काहीबाही सांगायची. सातवा महिना लागला. मुलीचे पाय सुजायला लागले होते, जावयाला ऑफिसनं आठवड्यातले बरेच दिवस दुसऱ्या गावी जायला लावलं होतं, आणि नकार द्यायची त्याची हिंमत नव्हती, कारण नोकरी गेली तर दोघांनाही परत यावं लागणार. ती घरूनच काम करायची, दिवसभर एकटी असायची. मला डोळे मिटले की ती जिन्यावरून पडलेली दिसायची.

आणि मग एका सकाळी, म्हणजे तिच्याकडे संध्याकाळ होती, तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाली, आई, मी येते. ऑफिसनं सुट्टी द्यायचं कबूल केलंय. आता निघाले तर विमानात बसू देतील, नंतर नाही. शिक्क्याचं पुढचं पुढं बघू. बाळंतपण तुझ्याकडेच करू, जसं असतं तसं.

हे बाजूलाच होते. मी त्यांना इतकं खूश किती वर्षांत पाहिलं नव्हतं. ते लगेच उठले, आतल्या खोलीचा पंखा आवाज करतो, तो आधी दुरुस्त करून घेतो म्हणाले, आणि जाऊबाईंना फोन लावायला बाहेर गेले. पडद्यावर मुलगी हसत होती. तिच्या मागे जावई उभा होता. तो हसत नव्हता.

मला किती आनंद झाला हे मी कसं सांगू. क्षणभर मला ती इथंच दिसली, आपल्या खोलीत, केस सुकवत बसलेली. आणि पुढच्याच क्षणी बाकीचं सगळं दिसलं. तारखा पुढं ढकलल्या जाताहेत, सुट्टी संपलीय, नोकरी गेलीय. बाळ इथं जन्मलं म्हणून त्यालाही व्हिसा हवाय. बाप तिकडे, बाळ इकडे, आणि बाप त्याला फोनमध्ये पाहतोय. मी कुणाला विचारणार होते. मी काय शिकवलेलं त्यात उपयोगी पडणार होतं. मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं.

“येऊ नकोस,” मी म्हटलं.

तिला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. सगळं सांगत बसले नाही. एवढंच सांगितलं की तू तिथंच राहा, तुझ्या घरात, नवऱ्याजवळ, दवाखान्यात नाव घातलंय तिथंच बाळंत हो. त्या शेजारच्या केकवाल्या बाईला सांगून ठेव की वेळ आली तर मला दवाखान्यात ने. पाटी काहीही असू दे. मी बोलत होते आणि मला माझंच ऐकवत नव्हतं. आमच्या घराण्यात आईनं पहिलटकरीण लेकीला माहेरी येऊ नको म्हटल्याचं कुणी ऐकलं नसेल.

ती रडायला लागली. मला वाटलं, मी तिचं मन मोडलं. मी तिला समजवायला लागले, बाळ मोठं झालं की या, मी पुन्हा अर्ज करते, मी येते. ती मान हलवत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, “आई, मला यायचं नव्हतं. मला फार भीती वाटत होती, की एकदा तिकडं आले तर मला कुणी परत इकडं येऊ देणार नाही. पण तुझा व्हिसा गेल्यावर तुझा चेहरा असा झाला होता की मी येते म्हणाले.”

मागे जावयानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी ओट्याला टेकून उभी होते. इतके महिने मला वाटत होतं की माझी लेक तिथं घाबरते, म्हणून तिला इथं यायचंय. ती माहेरालाच घाबरत होती.

बाहेरून ह्यांचा आवाज येत होता. ते जाऊबाईंना आनंदानं सांगत होते की आपली पोर येतेय.